जाऊनये

तुळसाबाई टीचर. हे नाव आधी लिहून टाकतो, म्हणजे मग हात मागे घेता येणार नाही. मी चार ओळी नीट लिहू शकतो, चार माणसांत खुर्चीवर बसतो, माझ्या नावापुढे बी. ए. लागतं — हे सगळं त्यांचं. आणि त्यांच्याशी मी जे केलं ते आजवर कुणाला ठाऊक नाही. बायकोला नाही. अप्पा गेले, त्यांनाही नाही. तुम्हीच पहिले.

हे मी पुस्तकातल्या मराठीत लिहितोय. आमची घरची मराठी निराळी — तंजावूरकडची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी राहून तिचं वळण घेतलेली. आमच्यातल्या बहुतेकांना ती बोलता येते, वाचता येत नाही. अक्षरं येतात ती तमिळची. मला देवनागरी आली ती टीचरांमुळे. आणि ती मी कशावरून शिकलो, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

माझे अप्पा पापनाशमला बसस्टँडजवळ शिवणकाम करायचे. टीचर आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, रोज तंजावूरहून पॅसेंजरने यायच्या. एकदा ब्लाउज शिवायला टाकायला दुकानात आल्या, तेव्हा मी अप्पांशी कशावरून तरी भांडत होतो — मराठीत. त्या पायरीवरच थांबल्या. "अरे! आमच्या भाषेत भांडतोस होय रे, तंबी?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, आमच्याकडे कुठल्याही पोराला तशीच हाक मारतात. त्या दिवसापासून मी त्यांचा तंबी झालो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मला तंजावूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी अप्पांना विचारलंसुद्धा नाही, नुसतं कळवलं — पोरगा माझ्याकडे राहील. तीन वर्षं मी मेल वीदीतल्या त्यांच्या घरी राहिलो. त्यांचे यजमान आधीच वारले होते. मुलगा प्रताप माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्हा दोघांना त्या एका पंगतीला वाढायच्या, आणि अप्पळम, म्हणजे पापड, मला एक जास्त, कारण मी 'पाहुणा'. तीन वर्षं पाहुणा!

त्यांच्या कपाटात रेशमी खणात बांधलेली बत्तीस पानं होती. शकुनाची पानं. त्यांच्या आईची. कधीकाळी तंजावुरातच शिळाप्रेसवर छापलेली — दगडावर उलटं काढून कागदावर सुलट उमटवायची, तसली जुनी छपाई. प्रत्येक पानावर वर एक चित्र — मोर, विहीर, दिवा, दोन बायका, नदीकाठची नाव — आणि खाली मराठीची एक ओळ. पोथीत असते तशी, सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले, मध्ये जागा नाही. मनात प्रश्न धरायचा, डाव्या हाताने एक पान ओढायचं. टीचरांची आई गल्लीतल्या बायकांना ती वाचून दाखवायची.

टीचर स्वतः मानायच्या नाहीत. "बत्तिसात एक. एवढंच गणित आहे त्यात," म्हणायच्या. पण घरात दुसरं मराठी पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली ती या पानांवरून. माझा 'म' हा मोराच्या पानावरचा. 'व' विहिरीच्या.

एक दिवस दोन बायकांचं पान आलं. खाली ओळ — फारबोलूनये. मी वाचलं, "फार बोलून ये." टीचर इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "कुठं जाऊन फार बोलून येऊ रे? सासरी? ऐयो, वेड्या! फार बोलू — नये. नये म्हणजे नक्को. पुस्तकात नक्कोला नये म्हणतात." आम्ही घरात 'करू नक्को, जाऊ नक्को' असंच म्हणतो. 'नये' माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं. प्रतापने ते आठवडाभर पुरवलं. मी कॉलेजला निघालो की दारातून ओरडायचा, "फार बोलून ये रे!"

हा हशा मला चांगला आठवतो. म्हणजे 'नये' मला माहीत होतं. मी विसरलो होतो असं म्हणायची सोय मी माझ्यासाठी ठेवलेली नाही.

आणखी एक सांगायचं. बत्तीसपैकी पाच पानं टीचर पालथीच बाजूला काढून ठेवायच्या. मुकी पानं. त्यांची आई कुणासाठी पान काढायची आणि त्यातलं एक निघालं, तर ती वाचायची नाही. वाईट शकुन तोंडाने उच्चारायचा नाही, असा रिवाज. पान पालथं घालायचं, समोरच्या बाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि म्हणायचं, घरी जा, आज काही नवं करू नको. आईने टीचरांना शपथ घातली होती — ही पाच कधी वाचायची नाहीत. टीचर शकुन मानत नव्हत्या, पण त्यांनी शपथ मोडली नाही. "आईची शपथ आणि त्रिकोणाचे तीन कोन," त्या म्हणाल्या, "दोन्हींत फरक पडत नाही, तंबी." त्या पाच पानांवर कुठलं चित्र, कुठली ओळ, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पदवी मिळाली आणि टीचरांच्याच शब्दाने मला कीळवासलजवळच्या एका छापखान्यात नोकरी लागली. तो काळ तुम्हाला आठवत असेल. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ झालं, छपरांवर डिशच्या थाळ्या आल्या, आमच्याकडे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या जागी एक संगणक आला आणि त्याच्यासाठी एक थंड खोली. आमचे मालक — तिकडे मालकाला मुदलाळी म्हणतात — चप्पल बाहेर काढूनच त्या खोलीत शिरायचे.

एक फ्रेंच बाई मोठं देऊळ पाहायला आल्या होत्या, त्या झेरॉक्स काढायला आमच्याकडे आल्या. त्यांच्या पिशवीत टॅरोचे दोन जोड होते. टॅरो म्हणजे त्यांच्याकडची शकुनाची पानं. एक जोड त्यांच्या आजीचा, एक हल्ली छापलेला, चित्रं तीच. मला इतकं नवल वाटलं! त्यांनी टेबलावर दोन्ही जोडीजोडीने मांडून दाखवले. आजीच्या पानांवर रंग रेषेबाहेर सांडलेला, चेहरे कागदाच्याच रंगाचे, डोळे प्रत्येकाचे निराळे. नव्यावर निळा झगझगीत, पिवळा भडक, आणि डोळे — डोळे होते, पण कुठे बघत नव्हते. त्यांनी मला भिंग दिलं. जुन्या पानावर रंग शाईसारखा पसरलेला दिसला. नव्यावर नुसते बारीक ठिपके. मग त्यांनी खालच्या नावावर बोट ठेवलं. एका नव्या पानावर एक अक्षर चुकीचं होतं. तोडक्या इंग्रजीत म्हणाल्या ते मला कळलं ते असं — चित्राकडे सगळे बघतात. अक्षरांकडे कोणी बघत नाही, म्हणून आधी अक्षरं बिघडतात.

हे माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर म्हटलं गेलं होतं. यापेक्षा स्पष्ट इशारा माणसाला अजून काय मिळायला हवा?

मुदलाळींनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, आपलाही असा जोड काढू. मद्रासच्या हॉटेलांत, देवळापाशी विकू. मी लगेच टीचरांचं नाव घेतलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांना काचबिंदूने धरलं होतं. कडांची नजर गेलेली, मधली धूसर. त्यांनी खणासकट जोड माझ्या हातात दिला. "सांभाळून ने. अस्की पानं मोजून परत आण." अस्की म्हणजे सगळी. वर म्हणाल्या, "माझ्या आईला आवडलं असतं रे. छापून यायचं."

पानांचे फोटो निघाले. रंग वेगळे करायला शिवकाशीला पाठवायचे होते. फिल्मवरचे डाग बुजवणाऱ्या माणसाने विचारलं, "चार-पाच पानांच्या कोपऱ्यात पिवळं आहे, ठेवायचं?" मी पाहिलं. स्वयंपाकघराजवळ राहिलेली पानं, हळदीचा हात लागला असेल. म्हटलं, काढा, सगळं स्वच्छ पाहिजे. जुनी अक्षरं ओबडधोबड, म्हणून त्यांच्या जागी संगणकावरची नवी, सुबक बसवायची ठरलं. देवनागरी छापखान्यात एकट्या मला यायची. बत्तीस ओळी मी उतरवून काढल्या, प्रत्येक शब्द सोडवून, मध्ये जागा सोडून. फारबोलूनये आलं तेव्हा हसलो. काळजीने लिहिलं: फार बोलू नये. शाबास, म्हटलं स्वतःला.

एकोणिसाव्या पानावर नदी, काठाला नाव, एक माणूस — एक पाय नावेत, एक घाटावर. खाली: नावदिसेघाटदिसेनदीपारजाऊनये.

मी लिहिलं: नाव दिसे घाट दिसे, नदीपार जाऊन ये.

का लिहिलं? आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'जाऊन येतो' म्हणायचं. आणि घरातल्याने म्हणायचं, 'जाऊन ये.' तमिळमध्येही तेच — पोयिट्टु वा. लहानपणापासून दिवसातून दहा वेळा ऐकलेलं. नदी, नाव, निघालेला माणूस, आणि त्याच्यापाठी घरचा आवाज — माझ्या डोळ्यांनी दुसरं काही वाचलंच नाही. इथवरची माझी चूक ही चूक होती. आमच्याच माणसाकडून व्हावी अशी. ती मी माफ करू शकलो असतो.

नवी पानं आली. जाड, तुळतुळीत, वर प्लास्टिकचा लेप. हातात धरली की एकमेकांवरून घसरायची; जुनी पानं कशी एकमेकांना धरून राहायची, ओढलेलं पान जरा अडखळून बाहेर यायचं. नवं पान उडूनच हातात यायचं. डबा चकचकीत. आणि डब्याच्या मागे — हे मुदलाळींनी मला न सांगता केलं होतं — माझं नाव. 'मराठी पाठ:' आणि पुढे माझं पूर्ण नाव, बी. ए. मुदलाळी सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्याकडे पट्टदारी आहे, पट्टदारी!" म्हणजे पदवीधर. एक डबा अप्पांना पाठवला. अप्पांनी तो दुकानात, मागची बाजू पुढे करून, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला. माप द्यायला आलेल्या माणसाला आधी डबा, मग टेप.

एक डबा त्याच दिवशी टीचरांना नेऊन दिला. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "काचेसारखी झाली की रे." मग हसून म्हणाल्या, "म्हातारीला लाली लावली तू."

जुना जोड माझ्याकडेच होता. परत करण्याआधी, सोमवारी दुपारी, छापखान्यात कुणी नसताना, मी त्या फ्रेंच बाईंसारखी दोन्ही जोडांची पानं जोडीजोडीने मांडली. खरं सांगतो, चूक शोधायला नाही. कौतुक करायला. रंग पाहिले. मोर नव्यात जास्त निळा. विहिरीतलं पाणी जुन्यात काळं, नव्यात आकाशी. मग पिवळे डाग मोजले. पाच होते. पाचही पानांच्या त्याच कोपऱ्यात, उजव्या, खालच्या. एवढा नेमका हळदीचा हात लागतो का कधी? नखाने पाहिलं तर डाग कागदाहून किंचित उंच — हळदीत डिंक कालवून लावलेला. खूण. मुकी पानं.

मी ती पाच वेगळी काढली. चार पानांवरच्या ओळी उतरवताना मला उदास वाटल्या होत्या, मी पुढे गेलो होतो. पाचवं नावेचं होतं. जाऊन ये — यात वाईट काय? हे पान का मुकं? मी ते दोन बायकांच्या पानाशेजारी ठेवलं. फारबोलूनये. जाऊनये. दोन्ही दगडावर एकाच हाताने काढल्यासारखी, शेवटची दोन अक्षरं सारखीच. त्यांच्या खाली नवी दोन पानं. एकावर मी फट 'नये'च्या आधी सोडली होती. दुसऱ्यावर 'न' आणि 'ये'च्या मध्ये.

फट. कागदावर एवढीशी कोरी जागा. तिच्यात शाईसुद्धा लागत नाही.

पाचशे डबे मद्रासला जायला बांधून तयार होते. मी उठून मुदलाळींच्या दाराशी गेलो. ते फोनवर कुणाला तरी माझ्याबद्दलच सांगत होते. मी परत आलो. कोण वाचणार आहे, म्हटलं. मद्रासच्या हॉटेलात मराठी कुणाला येते? आणि खेळ तर आहे. बत्तिसात एक. टीचरच म्हणतात.

शुक्रवारी प्रताप मला बोलवायला आला. त्याचं मस्कतचं पत्र आलं होतं. एका कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी, दोन आठवड्यांत निघायचं. टीचर तयार नव्हत्या. त्यांना कारण सांगता येत नव्हतं. नजर जात होती, आणि मुलगा समुद्रापलीकडे — याला वेगळं कारण काय लागतं? पण त्या कारणाशिवाय कधी काही बोलल्या नव्हत्या. मग प्रतापच म्हणाला होता, "अम्मा, आजीची पानं काढ. 'नाही' आलं तर नाही जात. शपथ."

दुपारचे चार. अंगणात ऊन. टीचर पाटावर, समोर नवा जोड. मी दाराशी. माझ्या मनात एकच — बत्तीस पानं आहेत, नावेचंच कशाला निघेल? टीचरांनी डावा हात पुढे केला. पान अडखळलं नाही. उडून आलं.

"वाच रे."

प्रतापने तोडकंमोडकं वाचलं. अक्षर अक्षर लावून. "नाव... दिसे... घाट दिसे... नदीपार जाऊन ये." आणि टाळीच वाजवली. "अम्मा! जाऊन ये म्हणतंय!"

टीचर हसल्या नाहीत. "त्याच्यावर खूण दिसते का? कोपऱ्यात?"

"कसली खूण? चकचकीत आहे अस्कं."

मग त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी जिथे होतो त्याच्या जरा डावीकडे. "तंबी. तू ताडून पाहिलीस ना जुन्याशी? हे मुक्यातलं नाही ना?"

तुम्हाला वाटत असेल, मी घाबरलो, गोंधळलो, तोंडून निघून गेलं. तसं नव्हतं. मला पुरता वेळ मिळाला. मी अंगणातली कपड्यांची दोरी पाहिली, तिच्यावरचा प्रतापचा शर्ट पाहिला — अप्पांनीच शिवलेला. डब्याची मागची बाजू पाहिली, माझं नाव वर होतं. मला दिसत होतं, 'हो, मुक्यातलं आहे' म्हटलं की पुढे काय — टीचर विचारतील, मग खूण का काढलीस? नये कुठे गेलं? ज्यावर तुला हसत हसत शिकवलं तेच विसरलास? आणि अप्पांच्या दुकानातला डबा.

"नाही टीचर," मी म्हणालो. "अक्षरन्‌अक्षर ताडलंय."

"मग जा," त्या प्रतापला म्हणाल्या. "पट्टदारी सांगतो म्हटल्यावर."

प्रताप निघाला तेव्हा रेल्वेच्या फलाटावर टीचर गाडीच्या डब्याच्या दारापर्यंत चालत गेल्या, माझा हात धरून. प्रताप पाया पडला. "जाऊन येतो, अम्मा." आणि त्या म्हणाल्या — दुसरं काय म्हणणार — "जाऊन ये." माझ्या दंडावर त्यांची बोटं होती. गाडी हलली तेव्हा ती अजून घट्ट झाली.

दीड वर्ष त्याची पत्रं येत राहिली. एक कॅसेटही आली, आवाज भरून पाठवलेली; त्यात त्याने माझ्यासाठी निरोप ठेवला होता — "फार बोलून ये रे." मग पत्र नाही. कंपनीने कळवलं, नोकरी सोडून गेला. कुठे, ठाऊक नाही. तिकडच्या आमच्या लोकांना विचारलं, कुणी पाहिलं नाही. मेला असं कुणी म्हटलं नाही. जिवंत असंही कुणी म्हटलं नाही. आजतागायत नाही.

पानाने त्याला पाठवलं का? मी पानं मानत नाही. पण मग मला हेही मान्य करावं लागतं की पानाने काही केलं नाही, जे केलं ते मी केलं. एका आईला नाही म्हणायला कारण हवं होतं. ते तिच्या आईने खूण करून तयार ठेवलं होतं. मी ते पुसलं, मग लपवलं.

मला चांगली नोकरी मिळाली, मी बंगळूरला गेलो. लग्न झालं. रोज सकाळी निघताना बायको दारातून म्हणते, "जाऊन या." मी मान हलवतो. पण पायरी उतरताना माझ्या कानात ते शब्द सुटतात आणि पुन्हा जुळतात — दुसऱ्या जागी फट घेऊन. बसस्टँडवर, लग्नघरी, इस्पितळाच्या दारात, कुणीही कुणाला म्हणतं आणि मी वळून बघतो. एकदा मद्रासमध्ये एका दुकानाच्या काचेमागे आमचा डबा दिसला. पाचशेतले किती घरांत गेले असतील? कुणी कुणी ते पान ओढलं असेल? मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो.

जुना जोड मी परत केलाच नाही. टीचरांनी दोनदा मागितला. दुसऱ्या छपाईला लागेल, असं सांगितलं. दुसरी छपाई कधी होणार नव्हती. खरं कारण हे की त्यांची बोटं. नजर गेल्यावर बोटांना दिसायला लागतं. हळदी-डिंकाचा तो उंचवटा त्यांना एका क्षणात सापडला असता. जोड आजही माझ्या कपाटात आहे, त्याच खणात. अस्की बत्तीस पानं.

टीचर मेल वीदीतल्या घरी एकट्या राहिल्या. बहिणीची मुलगी तिरुचीला न्यायला चार वेळा आली. त्या म्हणायच्या, "पानात 'ये' आहे. तो येईल. आला आणि दार बंद असलं तर?" पुढचं दार दिवसभर उघडं ठेवायच्या. नावेचं पान त्यांनी प्रतापच्या फोटोच्या चौकटीत खोचलं होतं.

मग मला त्यांचं पत्र आलं. शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं — मराठी, पण तमिळ अक्षरांत, आम्ही लिहितो तसं. त्यात लिहिलं होतं: "तंबी, हल्ली दिवसभर बसून असते तर लहानपणचं दिसतं. आईच्या मांडीवर पानं, एकावर नदी, आणि नदीच्या कोपऱ्यात पिवळं. ऊन असेल म्हणते. पण खात्री नाही. जुनी पानं तुझ्यापाशी आहेत. एकोणिसावं काढून पाहा. तिथं दुसरं काही असेल तर तसंच सांग, मला जपू नक्को. मग मी तिरुचीला जाते, दार लावून. मी गणिताची बाई. मला बरं वाटणारं उत्तर नको, बरोबर उत्तर पाहिजे."

मी कपाट उघडलं. खण सोडला. एकोणिसावं काढलं, खिडकीपाशी नेलं. सकाळची वेळ होती, भरपूर उजेड होता. मी ते पाहिलं. मग उत्तर लिहिलं.

त्या तिरुचीला गेल्या नाहीत. आणखी सहा वर्षं त्या घरात राहिल्या, उघड्या दारासमोर, आणि तिथेच गेल्या.

पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची, ही सवय मला टीचरांनीच लावली. म्हणून हे पत्र माझ्यापाशी आहे. तमिळ अक्षरांतून देवनागरीत उतरवतो. बाकी जसंच्या तसं.

तीर्थरूप टीचर यांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही अस्की सुखात आहोत. तुमची तब्येत सांभाळा. थंडीत पहाटेस ओसरीवर बसू नक्को.

तुम्ही सांगितलंत तसं जुनं एकोणिसावं पान काढून पाहिलं. नवं पान शेजारी ठेवून ताडलं. चित्र तेच, नदी तीच, नाव तीच. ओळही तीच आहे: नाव दिसे घाट दिसे, नदीपार जाऊन ये. अक्षरन्‌अक्षर बरोबर. प्रताप येईल.

तुम्हाला आठवतं तसं पिवळं त्या पानावर कुठं नाही. मी खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून पाहिलं.

तुमचा,
तंबी